सावित्रीकाकी पातळावर राहते

तर काल आपण सावित्रीकाकीला भिकाजीच्या काट्यावर चढवलं आणि चहा आला म्हणून गोष्ट तिथेच टाकून उठलो. बिचारी अजून उभी आहे. आधी तिला खाली उतरवू, मग पुढचं.

भिकाजीचा काटा म्हणजे माणसांचा नव्हे. वाडीवरून काजूच्या बिया येतात, सुपारी येते, कोकमाची सोलं येतात, ती तोलायचा लोखंडी काटा. खाली चौकोनी फळी, वर दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. खाडीकाठच्या त्या वाडीत माणसाला तोलायची दुसरी सोय नाही. उपकेंद्रात एक आहे, पण तो तान्ह्या पोरांना झोळीत घालून तोलण्याचा, आणि सावित्रीला झोळीत घालायची म्हटलं तर झोळीची दोन टोकं धरायला अर्धी वाडी गोळा करावी लागली असती. म्हणून भिकाजी.

भिकाजीने दांडीवरचं वजन इकडून तिकडे नेलं, एक डोळा मिटला, ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि म्हणाला, "काकी, गोणपाटाचो एक किलो सोडलंय, ओलीचो अर्धो सोडलंय, तरी शहाऐंशी भरता."

"मेल्या, मी काय गोणपाटातसून इलंय?"

"सवय गो काकी, हातच तसो जाता. पण तुझा पातळ भिजलला आसा, तेचा धरूकच होया."

आषाढातली दुपार होती, छत्रीने डोकं तेवढं राखलं होतं, तेव्हा लुगड्याच्या ओलीबद्दल भिकाजीचं काही चुकलं नव्हतं. पण गंमत अशी की सावित्री ज्या पातळावर गेला महिनाभर राहिली होती ते पातळ वेगळं आणि भिकाजीने वजा केलं ते वेगळं. आणि पातळावर राहायला लागली त्या दिवशी, ह्याच काट्यावर, ह्याच भिकाजीच्या हाताने, ती त्र्याऐंशी भरली होती. घास चावला नाही, बांगड्याचा तुकडा तोंडाला लावला नाही, नुसतं पीत राहिली, आणि वजन चढलं!

ती काट्यावरून उतरली ती तिथल्याच सुपारीच्या पोत्यावर बसली. "रे भिकाजी, तुझो काटो मोडललो आसा."

"काटो बरो आसा. माका वाटता पाण्यानच झाला ह्या. सुकी गोण आणि भिजलली गोण, खंयची जड?"

सावित्रीला ते क्षणभर पटलंसुद्धा.

आता ही सावित्री कोण आणि तिला ह्या वयात वजन उतरवायचं खूळ का लागलं, ते सांगितल्याशिवाय गोष्टीत राम नाही.

सावित्री मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन ह्या वाडीत आली तेव्हा अशी सडसडीत होती की सासूने पहिल्याच दिवशी विचारलं, "गो, तुझ्या म्हायेरात पेज तरी घालीत काय नाय?" नवरा गंगाराम मुंबईला गोदीत कामाला. तो गणपतीच्या चवथीला आणि शिमग्याला यायचा, बाकी वर्षभर ही एकटी. घर, दोन ढोरं, माडाची बाग, म्हातारी सासू, मुलगा सुशांत. पण भाद्रपद आला की सावित्रीच्या अंगात काहीतरी शिरायचं. फुगडी! वाडीत फुगडी घालणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण सावित्री आणि शेवंती ही जोडी उभी राहिली की बाकीच्या आपोआप भिंतीला टेकायच्या.

शेवंतीचं घर सावित्रीच्या घराला लागूनच, मध्ये फक्त एक दगडांचा गडगा. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून आल्या. त्या गडग्यावरून किती वाट्या गेल्या आणि आल्या, किती चुगल्या सांडल्या, त्याला मोजदाद नाही. आणि फुगडीला दोघींची उंची सारखी, वजन सारखं. फुगडीत सगळं त्यावर आहे बघा. पायाची बोटं एकमेकींना भिडवायची, हातांची फुली करून धरायची आणि अंग मागे टाकायचं. एकदा अंग मागे टाकलं की मग दोघींतली कुणीच आपल्या पायावर उभी नसते. ही तिच्या भारावर, ती हिच्या. एक जड आणि एक हलकी झाली की फिरणं राहतं बाजूला, ओढाताण सुरू होते.

आणि सावित्री जड झाली. एका दिवसात नव्हे. गंगाराम निवृत्त होऊन मुंबईहून आला तो मुंबईची भूक घेऊन आला. त्याला रोज दोन्ही वेळा आमटी हवी, माशाचं कालवण हवं, शिवाय तळलेलं हवं. तो जेवून उठला की टोपात काहीतरी उरायचं, आणि उरलेलं टाकायचं नाही हे सावित्रीला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे टोप पुसून काढणं हे तिचं काम झालं. वर्षभरात पोलकी उसवली, दोन-तीन वर्षांत बांगड्या बदलल्या. शेवंती मात्र होती तशीच राहिली, काडीसारखी.

तरी दोघी दरवर्षी फुगडी घालतच होत्या. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी, दुपारी, शेवंतीच्याच पडवीत, दोघी रंगात आल्या होत्या. बायका ओरडत होत्या, "आणखी! आणखी!" आणि सावित्रीने जोर लावला. तिला अजून आठवतं ते असं, की शेवंतीचे पाय जमिनीवरून सुटले. माणूस हलका असतो म्हणजे किती हलका असतो ते तिला त्या क्षणी कळलं. मग हात निसटला. शेवंती पडवीच्या खांबावर जाऊन आदळली आणि मनगट मोडलं.

प्लास्टर घातलं, निघालं, हात बरा झाला. शेवंती एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं सावित्रीला वाटायचं. एक दिवस पाणी भरताना शेवंतीच सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "सावित्रे, तुझ्यावांगडा फुगडी म्हणजे माका विहिरीच्या कप्पीक बांधून सोडल्यासारख्या वाटता गो. येत्या चवथीक मी राधाबायवांगडा घालतलंय. ती बरी, माझ्यासारखीच वाळलली."

सगळ्या हसल्या. सावित्रीही हसली, चांगली मोठ्याने हसली. घरी आली आणि त्या दिवशी टोपात उरलेलं तसंच राहिलं.

गंगारामने विचारलं, "काय गो, बरा नाय काय?"

"माका काय झाला? माका कायच जाणा नाय." आणि ती मागीलदारी जाऊन बसली. राधाबाई! वरच्या वाडीतली राधाबाई! जिला फुगडीत पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही, आणि जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या राधाबाईचा हात शेवंती धरणार. तीही गौरीच्या दिवशी, आणि आपण भिंतीला टेकून टाळ्या वाजवायच्या.

तर हे असं होतं सगळं. बाकी वजनाचं तिला सुखदुःख नव्हतं. वजन उतरायला हवं होतं ते शेवंतीच्या हातासाठी.

आणि मे महिन्यात श्रिया आली. श्रिया म्हणजे सावित्रीच्या भावाची मुलगी, पुण्यात वाढलेली, ऑफिसात जाणारी. आंबे खायला म्हणून आली आणि आंब्याला हात लावीना. हातात सदा एक बाटली, बाटलीत काहीतरी हिरवं. सावित्रीला वाटलं, पोरीने वाटेत तळ्यातलं शेवाळ भरून आणलं.

"आत्या, मी लिक्विड डाएटवर आहे."

"म्हणजे काय गो बाये?"

"म्हणजे सगळं पातळ. चावायचं काहीच नाही, घट्ट काही नाही. सकाळी एक मोठा ग्लास रस, दुपारी सूप, संध्याकाळी ताक, रात्री परत सूप."

पडवीतून गंगारामने तोंड घातलं, "सूप खाता? मगे आमच्या माळ्यार दोन पडलली आसत. पाखडूचीच आसत, पण बरी आसत."

"तुमी गप ऱ्हवा वो! आणि बाये, त्यान वजन उतारता?"

"माझं तीन किलो उतरलं." श्रिया असं म्हणाली आणि पुढे आणखी काहीतरी महत्त्वाचं सांगू लागली. बोट वर करून सांगत होती, डोळे मोठे करून सांगत होती. पण तेवढ्यात सावित्रीने मिक्सर सुरू केला होता. वाटपाचं खोबरं होतं, अर्धवट ठेवता येत नव्हतं. घर्रर्र आवाजात पोरीचे ओठ हलताना दिसले, सावित्रीने समजल्यासारखी मान हलवली, आणि श्रियाला वाटलं आत्याला समजलं. माणसं मान हलवतात तिथेच पुष्कळ घोटाळे होतात.

पाऊस लागला आणि सावित्री पातळावर राहू लागली. सगळं अगदी प्रामाणिकपणे. सकाळी रस सांगितला होता, तर सकाळी उठून नारळ फोडायचा, आडाळ्यावर बसून खोवायचा, वाटायचा, फडक्यातून पिळून दाट रस काढायचा, त्यात गूळ, वर वेलची. तांदळाच्या शेवयांसारख्या शिरवाळ्यांबरोबर किंवा खापरोळीच्या घावनाबरोबर आपण खातो तोच रस. फक्त शिरवाळे नाहीत, खापरोळी नाही. नुसता रस, मोठा ग्लास भरून! मोठा ग्लास घरात नव्हता, म्हणून गंगारामचा पाण्याचा तांब्या. एका नारळाचा रस तांब्याच्या गळ्याला लागत नसे, म्हणून दोन नारळ. बाग घरची होती, अडायला कोण होतं?

दुपारी सूप. सूप तिने लग्नांत पाहिलं होतं, पण ते करायचं कसं कोण जाणे. तर कुळीथ शिजवून त्याचं कळण काढायची, वर तुपाची फोडणी. संध्याकाळी ताकाऐवजी सोलकढी, कारण ढोरं केव्हाच विकली होती आणि नारळ वाटलेलाच असे. रात्री पेज. पेज पातळच. पेज काही कोणी चावत नाही.

आणि त्याग म्हणाल तर मोठा होता. शनिवारी गंगाराम खाडीतली सुंगटं, चांगली मोठी कोळंबी, घेऊन आला. सावित्रीने ती तळली, त्याला वाढली, आणि स्वतः समोर बसून कालवणाचं नुसतं पाणी वाटीने प्यायली. गंगारामच्या घशाखाली घास उतरेना.

"गो, एक तरी खा."

"नको. चावूचा लागता."

"मी चावून दिऊ काय?"

"शिरा पडली तुमच्या तोंडार!"

अशी महिनाभर राहिली. आणि मग भिकाजीचा काटा, आणि शहाऐंशी.

घरी आल्यावर गंगारामनेही डोकं चालवलं. "माका वाटता, ता पातळ पोटात जावन थिजता. थंडीत खोबरेल कसा थिजता? बाटलीत ओततांना पातळ, सकाळी बघशी तर दगड. तसाच."

"माझ्या पोटात कसली थंडी इली?"

"पाऊस नाय पडता?"

सावित्रीला हेही पटल्यासारखं झालं. तिचं असंच होत होतं त्या दिवसांत, जो जे सांगेल ते पटायचं आणि दुसऱ्याने दुसरं सांगितलं की तेही पटायचं. शेवंतीला गडग्यावरून दिसत होतं की शेजारीण काहीतरी विचित्र करते आहे, पण विचारायची तिला चोरी. तिकडून राधाबाईचा आवाज यायचा. ती आता शेवंतीकडे फुगडीच्या सरावाला येऊ लागली होती. "पावला जुळव गो!" असं शेवंती ओरडताना ऐकू यायचं. सावित्री रसाचा तांब्या तोंडाला लावून ते ऐकायची.

शेवटी तिने श्रियाला फोन लावला.

"बाये, तुझ्या पातळान माझा वजन वाढला."

"असं कसं होईल, आत्या? बरोबर घेतेस ना? सकाळी रस घेतेस?"

"एक दिवस चुकूक नाय. तांब्यो भरून."

"तांब्या? बरं, असू दे. कसला रस?"

"कसलो म्हणजे? नारळाचो."

"नारळपाणी? ते चांगलं आहे."

"पाणी नाय गो, रस. पाणी ह्यांका देतंय."

मग श्रियाने अगदी हळू विचारलं, "आत्या, म्हणजे खोबरं वाटून? नारळाचं दूध?"

"व्हय. दोन नारळांचो."

"रोज?"

"रोज."

"त्यात आणखी काय घालतेस?"

"गूळ. गुळाशिवाय रस खंय पिवक होता?"

पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, सावित्रीला नक्की कळलं नाही. "अगं आत्या, रस म्हणजे फळांचा, भाज्यांचा! दुधी, काकडी, पालक! रोज दोन नारळ आणि गूळ म्हणजे तू तर पक्वान्न पीत होतीस!"

"मगे तसा सांगूचा! रस म्हटल्यार आमच्याकडे ह्योच रस. दुधयाचो रस कोण मेलो काढता? दुधयाची भाजी करतत."

"आणि डॉक्टरांना विचारून कर म्हटलं होतं, विचारलंस का?"

"ता कधी म्हटलंस?"

"तू खोबरं वाटत होतीस तेव्हा!"

सावित्रीने फोन ठेवला आणि पडवीच्या पायरीवर बसून राहिली. तिला सगळ्यात वाईट वाटलं ते सुंगटांचं.

आता शहाण्या माणसाने इथे थांबून डॉक्टरकडे जायला हवं होतं. पण चवथ जवळ आली होती. माळ्यावरून माटी खाली उतरली होती, गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, आणि माटी उतरली की दिवस हातातून पळायला लागतात. मग सावित्रीने उलटी टोकाची गोष्ट केली. रस पातळ म्हणून चुकलं, तर आता पाण्यासारखं पातळ. काकडीचं पाणी, दुधीचं पाणी, पेजेवरची नुसती निवळ. दुपारी कळण, पण तूप नाही. त्यात घरभर साफसफाई, सारवण, भांडी घासणं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी घरापुढच्या खळ्यात माटी धूत असताना तिला समोरचा माड दोन ठिकाणी दिसू लागला. मग माडही गेला. गंगाराम केळी बघायला म्हणून बाहेर आला होता म्हणून बरं, त्याने खांद्याला धरलं. धरलं म्हणजे काय, दोघेही हळूहळू खाली बसले. तो काही सावित्रीला पेलणारा नव्हे.

गडग्यापलीकडून शेवंतीने पाहिलं. ती गडगा ओलांडून आली, वयाचं भान न ठेवता, साडी काट्याला अडकली ती तशीच फाडून. सावित्रीच्या तोंडावर पाणी मारलं, तिच्या कानशिलावर हात ठेवला आणि गंगारामवर उखडली, "बायलेक खाऊक घालणास नाय काय वो? रिक्षा हाडा आधी!"

मसुऱ्याला डॉक्टर होते. तिघं रिक्षात बसली. शेवंती मध्ये, तिचा हात सावित्रीच्या पाठीमागून.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "काय खाल्लंत सकाळपासून?"

सावित्री दवाखान्यात शुद्ध बोलायची. "काही नाही. मी पातळावर आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी तिच्या साडीकडे पाहिलं. "कशावर?"

मग सगळं सांगणं झालं. रस, कळण, श्रिया, मिक्सर, भिकाजी, थिजलेलं खोबरेल. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मध्येच एकदा खिडकीकडे तोंड केलं, बहुतेक हसायला. मग म्हणाले, "काकू, असं उपाशी राहून उतरलेलं वजन जेवायला लागलात की परत येतं, आणि मध्ये तुम्ही अशा पडता. भात अर्धा करा. भाजी खा, मासे खा, तळलेले नको. रोज चाला. वजन हळूहळू उतरेल, सावकाश. घाई कसली आहे?"

घाई कसली ते सावित्री सांगणार होती. पण शेवंती बाजूलाच उभी होती. "कसलीच नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि कळण चालेल?"

"चालेल."

"तेही पातळच ना?"

"पातळ-घट्ट विसरा तुम्ही आता."

बाहेर पडताना सावित्रीचा चेहरा आत जाताना होता त्याहून गोंधळलेला. श्रिया म्हणाली चावू नको, डॉक्टर म्हणाला चाव. श्रियाला रस चालतो पण हा नाही, डॉक्टरला कळण चालतं पण पातळ म्हणून नाही. मासे खा पण तळू नका. न तळलेला मासा तळलेल्यापेक्षा हलका कसा, मासा तर तोच! रिक्षात गंगारामने विचारलं, "काय सांगल्यान?" तर ती म्हणाली, "जेवूक सांगल्यान, पण कमी. चलूक सांगल्यान, पण जास्ती. तेवढा समाजला, बाकीचा जावंदे."

शेवंतीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "ह्या सगळा तू कित्याक केलंस गो?"

"असाच. पोलकी होणत नाय."

शेवंती काही दुधखुळी नव्हती.

चवथीच्या आदल्या दिवशी सावित्री परत भिकाजीकडे गेली. चालत गेली, चालत आली, डॉक्टरने सांगितलं म्हणून. काटा ब्याऐंशीवर थांबला. तिचा चेहरा उजळला, पण भिकाजी म्हणाला, "काकी, ह्या खेपेक गोणपाटाचो सोडूक नाय हां. तू रागावलंस म्हणान."

"आणि ओलीचो?"

"आज पातळ सुक्या आसा."

"मगे माझा उतारला किती?"

भिकाजीने बोटांवर मोजलं, मग तेही सोडून दिलं. "आधीच्या वेळेक सोडललो, आता सोडूक नाय... म्हणजे उतारला. व्हय, उतारला आसतला. किती ता माका इचारू नको."

गौरीचा दिवस. शेवंतीची पडवी, तोच खांब. वाडीतल्या बायका जमल्या, झिम्मा झाला, बसफुगड्या झाल्या, पोरीबाळींनी धिंगाणा घातला. सावित्री आतल्या दाराशी बसून करंज्यांची ताटं भरत होती. पाठ पडवीकडे. करंज्या केव्हाच भरून झाल्या होत्या, ती एका ताटातल्या दुसऱ्या ताटात ठेवत होती.

"शेवंतेऽ, राधाबाय! इलात काय नाय?" कोणीतरी ओरडलं.

शेवंती आणि राधाबाई उभ्या राहिल्या. सावित्रीने पाहिलं नाही, पण कानांनी सगळं ऐकलं. पावलांची थाप ऐकली आणि पहिल्या फेऱ्यातच तिला कळलं की दोघींनी अंग मागे टाकलेलं नाही. थाप हलकी पडत होती, कोंबडीच्या पावलांसारखी. दोघी सरळ उभ्या राहून नुसत्या गोल पळत होत्या. बायका टाळ्या वाजवत होत्या खऱ्या, पण त्या टाळ्या पोरींच्या फुगडीला वाजवतात तशा. मग थाप थांबली. अर्ध्यातच.

"काय झाला गो?" राधाबाई धापा टाकत म्हणाली. "बरी चलली होती."

"बस वायच. माका आंग टाकूक होणा नाय तुझ्यार."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मागे गेलंय की तू पुढे येतंस. दोघी मिळान एका सावित्रीयेवढी होणव नाय आपण!"

पडवीत हशा पिकला. राधाबाईही हसली, तिला काही वाईट वाटल्याचं दिसलं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन ती भिंतीला टेकली. सावित्रीच्या हातातली करंजी मोडली.

शेवंती दारात येऊन उभी राहिली. "उठ."

"मी करंजे भरतंय."

"करंजे भरलेत तुझे मगाशीच. तीन येळा भरलंस, मी बघतंय. उठ गो."

"नको शेवंते. गेल्या वर्साचा माका अजून डोळ्यासमोर दिसता. तुझे पाय उडाले ते."

"माझे पाय उडाले, आणि डोळ्यासमोर तुझ्या दिसतत काय?" शेवंती उकिडवी बसली, आवाज खाली आणला. "आयक. रिक्षात मी सगळा समाजलंय. पोलकी म्हणे! तुका सांगूक लाज वाटली, माकाय इचारूक लाज वाटली, आणि मधल्या मधी तू दुधयाचा पाणी पिवन मराक टेकलंस. मी मस्करीत एक बोललंय, तू ता गाठीक बांधलंस."

"तू राधाबायक बोलावलंस. ती मस्करी नाय होती."

शेवंतीने मान खाली घातली. "नाय होती. माका भ्या वाटला होता. तुझा नाय, माझ्या हाताचा. मोडलल्या हाताचा भ्या वाटता गो. तेच्यात मी काय करू?"

पडवीतून कोणीतरी "फुगडी! फुगडी!" म्हणून हाकारे घालू लागलं होतं.

"आता असा करूया," शेवंती म्हणाली, "पयल्यासारखी दोघींनी फिरूचा नको. तू मधी ऱ्हव. पाय जागच्या जागी, नुसती वळत ऱ्हव. मी भायरसून फिरतंय. जड आसंस तर जड ऱ्हव, खुट्यासारखी. आंग मी टाकतलंय, सगळा. पण आधी माका सांग, माझो हात परत सुटाक लागलो तर तू काय करतलंस?"

सावित्री हाताला लागलेलं करंजीचं सारण पदराला पुसत उठली आणि म्हणाली:

"शेवंते, ह्या पावसात जो तो माका येगळाच सांगता आणि माका कायच समजना नाय. वजन उतारला की भिकाजीच चुकलो, ता देव जाणा. पण ह्या खेपेक मी बोटांक धरूचंय नाय, मनगटाक धरतलंय, चांगल्या हाताच्या. आणि तरी उडालंस तर मी पण तुझ्यावांगडाच उडतलंय, मगे बघूया, खांब मोडता की आपण!"